मथुरा कुठून आली

मथुरा मी सात महिने घडवत होते. आधी ती नुसती एक बाई होती. मग तिला नाव दिलं. कपाळावर एक व्रण दिला, तो शोभेना म्हणून काढून टाकला. नवरा दिला, तोही काढला. असं चाललं असताना एके दिवशी ती दोन भांड्यांतून दूध निववायला लागली, डावा हात उंच धरून, आणि त्यानंतर मला तिला काही द्यावं लागलं नाही. तिचं तिला सुचत गेलं. लिहिणाऱ्यांच्या वाट्याला असे दिवस फार येत नाहीत. मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

कादंबरीत मथुरा एका घरी मूल सांभाळायला येते, त्या मुलीला जीव लावते आणि एका दुपारी मागे वळूनही न पाहता निघून जाते. ती मुलगी मग जन्मभर दाराकडे बघत राहते. बारा वर्षांच्या खंडानंतर माझं पुस्तक येणार होतं आणि ते सगळं या एका बाईवर उभं होतं.

आता पुस्तक छापायचं म्हणजे कल्पित-दाखला लागतो. यंत्रं गोष्टी लिहायला लागली तेव्हा ती कुणाकुणाची खरी आयुष्यं उचलून, नावं बदलून विकत होती. लोक कोर्टात गेले. शेवटी असा कायदा झाला, की गोष्ट वाचायची असो वा ऐकायची, लिहिणाऱ्याने आपली पात्रं तपासून घ्यावीत. एखादं पात्र चाळीस टक्क्यांहून जास्त एकाच खऱ्या माणसावरून उतरलं असेल, तर त्या माणसाची किंवा वारसाची लेखी संमती हवी. तेवढं उतरलेलं नसेल, तर लिहिणाऱ्याने खाली सही करायची, की हे पात्र मी मनाने रचलं आहे.

त्यासाठी मी सांगलीहून कोल्हापूरला तपासणी केंद्रात गेले होते. तिथल्या मुलीचं नाव शर्वाणी. तिने मला अंबाडा सोडायला लावला, डोक्यावर जाड टोपी बसवली, आणि दोन दिवस मी तिच्यासमोर माझीच कादंबरी मोठ्याने वाचली.

"काकू, चार पात्रं स्वच्छ आहेत," ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. "मथुरा चौऱ्याण्णव टक्के आली."

"चौऱ्याण्णव टक्के काय?"

"आठवण."

मला हसूच आलं. "अगं, अशी बाई मी जन्मात पाहिलेली नाही."

"तुम्ही नाही म्हणताय. तुमचा मेंदू हो म्हणतोय."

मग तिने पडद्यावर मला ते दाखवलं. माणूस जेव्हा मनाने चित्र रचतो तेव्हा मेंदू ठिकठिकाणचे तुकडे गोळा करतो. कुणाचं नाक, कुणाची चाल, कुठलंसं अंगण. हे तुकडे मागेपुढे येतात आणि कपाळामागचा भाग ते जुळवत बसतो. आठवण तशी येत नाही. तिचा एक धागा ओढला की वास, आवाज, स्पर्श ठरलेल्या क्रमाने जागे होतात, कारण ते सगळं एकदा एकत्रच घडलेलं असतं. टोपीतले तीनशे संवेदक मेंदूतलं अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजतात आणि वाक्यावाक्याला सांगतात, मेंदू आत्ता जुळवतोय की उलगडतोय. काय आठवलं ते यंत्राला कळत नाही. आठवलं, आणि ते एकाच माणसाच्या धाग्यातलं आहे, एवढंच कळतं.

"पण मला तर काही आठवत नाही," मी म्हणाले.

"नाहीच आठवणार. या सगळ्या खुणा फार जुन्या आहेत. तुम्ही तीन-साडेतीन वर्षांच्या असाल." तिने समजावून सांगितलं की त्या वयातलं आपण विसरतो असं लोक म्हणतात, पण ते पुसलेलं नसतं. मेंदू तेव्हा इतक्या झपाट्याने वाढत असतो, की नव्या पेशींच्या दाटीत त्या आठवणीकडे जायची वाट बुजते. आतली खोली तशीच राहते. मग कधीतरी गोष्ट लिहिताना माणूस चुकून त्या खोलीत शिरतो आणि त्याला वाटतं, आपल्याला सुचलं.

मी कागद पाहिला. डावा हात, आठवण. हळदीने पिवळी पडलेली बोटं, आठवण. वेणी घालताना गुणगुणणं आणि मध्येच थांबणं, आठवण. तुटलेली कानाची पाळी, आठवण. ही पाळी तर मी मुद्दाम रचली होती. जत्रेत चोराने तिच्या कानातलं ओरबाडलं, असा एक प्रसंग घातला होता. चोर रचलेला निघाला. पाळी खरी होती.

"एक गंमत सांगू?" शर्वाणी म्हणाली. "ते शेवटचं वाक्य आहे ना, ती मागे वळूनही न पाहता निघून गेली, ते मात्र शुद्ध तुमचं. त्यात आठवणीचा अंशसुद्धा नाही. तो चोर सोडला तर अख्ख्या मथुरेत तेवढंच तुम्ही रचलंय."

तिला माझी दया आली असावी.

"एवढं मनाला लावून घेऊ नका. डाव्याचा उजवा करा. हळदीच्या जागी मिरची करा, कान धड करा. चार-पाच खुणा फिरवल्या की टक्के खाली येतात. सगळे असंच करतात, काकू. पुढल्या महिन्यापर्यंत कुठल्याही सोमवारी या, पुन्हा तपासू."

यात माझी एक अडचण होती. पंधरा वर्षांपूर्वी एका चातुर्मासात मी खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. चार महिने संपले, उद्यापनही झालं, पण पुन्हा खोटं बोलायला सुरुवात नेमकी कोणत्या दिवशी करायची हे ठरेना, म्हणून तो तसाच राहिला. गोष्ट ही गोष्ट आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळे लिहिण्याच्या आड तो कधी आला नाही. पण दाखल्याखालची सही गोष्टीतली नव्हती. ती माझी होती.

घरी आल्यावर यांनी तो अहवाल चष्मा लावून वाचला. "चौतीस वर्षं संसार केला," हे म्हणाले, "आणि पाच पात्रांत मिळून मी अर्धा टक्काही नाही?"

"तुमच्यात लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून तर संसार झाला," मी म्हणाले. हे हसले, आणि मग माझा चेहरा पाहून चहा टाकायला उठले.

मी चार दिवस प्रयत्न केला. मथुरेला उजव्या हाताने दूध निववायला लावलं. दूध सांडत नव्हतं, पण बाई निघून गेली. कागदावर कुणीतरी मोलकरीण उरली. मग शुक्रवार आला.

शुक्रवारी माझा उपास असतो. संध्याकाळी देवीपुढे एक पान वाढायचं आणि मगच आपण जेवायचं, हा आईचा नेम. आई आमच्याकडेच असते, एक्क्याऐंशी वर्षांची. सहा वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने हा नेम माझ्या हाती दिला. ते पान आमच्याकडे उलटं वाढतात. चटणी, कोशिंबीर, लिंबू उजवीकडे, आणि भाजी-आमटी डावीकडे. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, आपल्याकडे असंच. मग मीच मनाशी अर्थ लावला, की देवी आपल्यासमोर बसलेली असते, तिच्या बाजूने ते सुलट होत असेल. पुढे सुनेलाही मी हेच कारण सांगितलं. तिनेही ते ऐकून घेतलं.

त्या शुक्रवारी दोडक्याची भाजी होती. ती डावीकडे वाढता वाढता माझा हात थांबला. भाजी कालवायला सोपी पडावी म्हणून जेवायच्या हाताकडे वाढतात. हे पान देवीसाठी नव्हतंच. ते डाव्या हाताने जेवणाऱ्या माणसाचं होतं.

आई मागे खुर्चीत बसली होती. मी न वळताच विचारलं, "आई, हे पान कुणाचं गं?"

निरांजनाची वात सारखी करून मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"माझ्या गोष्टीत एक बाई आलीय," मी म्हणाले. "डावखुरी आहे. बोटं हळदीची आहेत. दूध निववताना हात उंच धरते. मी तिला घडवलं असं मला वाटत होतं."

आईने डोळे मिटले. "कान?" तिने विचारलं.

"तुटका."

"मालन," आई म्हणाली. "माझी पाठची बहीण."

मला मावशी होती हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. पुढचं आईने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, दोन वेळा पाणी पिऊन. माझा जन्म झाला आणि तिला क्षयाने गाठलं. दवाखान्यात चौदा महिने, नंतर घरी वेगळ्या खोलीत दीड वर्ष. मला तिच्याजवळ न्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. वीस वर्षांची मालन तेव्हा मला सांभाळायला आली. शेजारी हळदीची वखार होती, तिथे सकाळी हळकुंडं निवडायला जायची आणि उरलेला दिवस मला कडेवर घेऊन असायची.

"मी बरी झाले," आई म्हणाली, "आणि तुला घ्यायला हात पुढे केले. तू तिच्या मानेत तोंड खुपसलंस. तिला आई म्हणायचीस. मला 'त्या बाई'. सहा महिने मी वाट बघितली, गं. रोज वाटायचं, आज येईल."

"मग?"

"मग मी तिला म्हणाले, दाजींकडे बघायची तुझी नजर बरी नाही." आई थांबली. "तसं काही नव्हतं. तुझे बाबा तिच्याशी धड बोलतसुद्धा नसत. पण असं म्हटल्यावर ती पुन्हा उंबरा चढणार नाही, हे मला ठाऊक होतं. फोटोसुद्धा मीच फाडले. ती गेली त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारपासून हे पान."

देवीपुढची आमटी निवत होती. आई म्हणाली, "पत्ता आहे माझ्याकडे. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, वातींच्या डब्यात. जायचं धाडस झालं नाही."

त्या रात्री मी जेवले नाही. आईवर रागावून नाही, घास नुसताच गेला नाही.

मावशी गडहिंग्लजला होती. मुलींच्या एका वसतिगृहात तिने चाळीस वर्षं स्वयंपाक केला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तिला मागचीच एक खोली राहायला दिली होती. मी गेले तेव्हा ती दारात उन्हाला बसून शेंगा फोडत होती. पांढरी वेणी, ठेंगणा बांधा. डाव्या कानाची पाळी दोन भागांत लोंबत होती. मी ओळख सांगायच्या आधीच तिने सूप खाली ठेवलं.

"आलीस होय," ती म्हणाली. "बस की. उन्हात का उभी?"

"मावशी, मला ओळखलंत तुम्ही?"

"अहो-जाहो नको करूस. तुझी शी-शू काढलीय मी." मग हळूच विचारलं, "अक्का बरी आहे?"

तिने चहा केला. मी बघत होते. कप उजव्या हाताने उचलला, साखर उजव्या हाताने घातली.

"तू डावखुरी ना?"

"होते. इथं चाळीस पोरींना रोज पंगतीत वाढायचे, मग त्यांच्यासमोर बसून जेवायचे. महिन्याभरात त्यातल्या निम्म्या डाव्या हातानं जेवायला लागल्या. त्यांच्या आया भांडायला आल्या. मग मीच उजवा शिकले." ती हसली. "आता डाव्याला काही येत नाही. नुसता वजनाला आहे."

मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, दाखला, टक्के. मग मथुरेची पानं वाचून दाखवली. ती शेंगा फोडत ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "वखारीतला धुरळा बरोबर लिहिलायस." पण शेवटचं वाक्य आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"मागं वळून न बघता?"

"हो."

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. हे मी रचलंय."

मग तिने कानाला हात लावला. "स्टँडपर्यंत तू माझ्या कडेवर होतीस. सोडेनास. दाजींनी ओढून घेतलं, तर तू माझ्या कानातलं धरून ठेवलंस. ते तुझ्या मुठीत राहिलं आणि ही अशी झाली." तिने पाळीचे दोन भाग जवळ धरून दाखवले. "रक्त पुसत गाडीत चढले. आणि वळून बघितलं का म्हणून विचारतेस? मान बाहेर काढून बसले होते, कंडक्टर ओरडेपर्यंत."

माझ्या पुढ्यात कागद होते. मला ते उलटवता येईनात. सगळी मथुरा तिची होती, आणि तिच्यातलं एकच वाक्य माझं होतं, ते हे.

"पोरं रचतातच असं काहीतरी," मावशी म्हणाली. "त्याशिवाय झोप कशी लागणार त्यांना? आण तो कागद. सही करते. तेवढ्या एका वाक्याचं मात्र तू बघ."

सही झाल्यावर मी म्हणाले, "घरी चल."

"कशाला आता?"

तेव्हा मी तिला शुक्रवारच्या पानाचं सांगितलं. ते कसं वाढतात, ते सांगितलं.

"उलटं?"

"उलटं."

"किती वर्षं?"

"त्रेपन्न. सोयर-सुतक सोडून एकही शुक्रवार चुकला नाही."

"आणि खातं कोण?"

"कोपऱ्यावरच्या गोठ्यातली गाय."

"चला, कोणाच्या तरी पोटात गेलं," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

पुढच्या शुक्रवारी ती आली. हे तिला आणायला स्टँडवर गेले होते. आईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पान मी वाढते म्हटलं तर ऐकेना, थरथरत्या हातांनी तिने स्वतः वाढलं. पाटावर आमटीचे थेंब पडले, ते मला पुसू दिले नाहीत. मावशी आता उजव्या हाताने जेवते, हे मी आईला सांगितलं नव्हतं. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मावशी उंबऱ्यापाशी थांबली. आईने भिंतीचा आधार घेतला.

"मालन, मी खोटं बोलले होते."

"ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"तेव्हाच. अक्का, तुझं तोंड बघून पहिल्यापासून कळतंय मला."

"मग गेलीस का?"

"पोर तुझी होती ना," मावशी म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत आली.

या वेळी पान देवीपुढे ठेवलं नाही. पाटावर मावशी बसली. समोर खुर्चीत आई. कादंबरीतलं ते वाक्य मी तोवर खोडलेलं होतं. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही, आणि संमतीच्या कागदासह पुस्तक तसंच पाठवायचं, असं मी ठरवलं आहे.

मावशीने हात धुतला, चित्राहुती घातली आणि सवयीने उजवा हात पुढे केला. तो चटणीवर जाऊन थांबला. भाजी पलीकडे होती. आईने ते पाहिलं. तिला कळायला क्षणभर लागला, आणि मग तिचा चेहरा असा झाला, की मला तिच्याकडे बघवेना. त्रेपन्न वर्षं ती जिला वाढत होती, ती बाई आता कुठेच नव्हती. आई खुर्चीतून वाकली आणि थरथरत्या बोटांनी भाजीची वाटी इकडे आणायला लागली.

मावशीने तिचं मनगट धरलं.

"असू दे, अक्का," ती म्हणाली. "ह्या हाताला आठवतंय का बघू."

तिने डावा हात धुऊन घेतला. भात कालवला. बोटं अडखळत होती, एकमेकांत येत होती, लहान मुलाची येतात तशी. आम्ही तिघंही तिच्या हाताकडे बघत होतो.

पहिला घास सांडला. दुसरा सांडला नाही.